लेमन धूमकेतू: ऐन दिवाळीत कुठून आणि किती वाजता बघायचा?

निशाचर_मुळशी | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, सी/२०२५ ए६ (लेमन) हा धूमकेतू पहाटेच्या आकाशातून आता संध्याकाळच्या आकाशात येतोय. ३ जानेवारीला ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरच्या सर्वेक्षणात तो सापडला, तेव्हा त्याच्याकडून कुणाला फारशी आशा नव्हती. ऑगस्टनंतर मात्र तो अंदाजापेक्षा भराभर उजळला. २१ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे ०.६ खगोलीय एककांवर (साधारण ९ कोटी किलोमीटर) असेल आणि ८ नोव्हेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळ. प्रत (तेजस्वितेचा दर्जा; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) चौथीच्या आसपास राहील असं दिसतंय. अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांना जेमतेम, दुर्बिणीतून छान.

२१ तारखेलाच अमावस्या आहे, त्यामुळे चंद्राचा त्रास नाही. पण २१ लाच लक्ष्मीपूजन! धूर, रोषणाई, आणि संध्याकाळी घरातून पाय काढणं अवघड.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून धागा काढला. धूमकेतू दिसणार पश्चिम-वायव्येला, क्षितिजाजवळ. म्हणजे 'अंधारी जागा' एवढ्याने भागणार नाही. वायव्येला काय आहे ते बघून जागा ठरवायला हवी. माझ्या मते आपल्या नेहमीच्या बऱ्याच जागा यावेळी कामाच्या नाहीत. तुम्ही कुठे जाताय? कोणती तारीख धरलीत?

---

डोंबोली_फास्ट | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

नेहमीप्रमाणे वांगणी. त्यात विचार काय करायचा? मुंबईकरांची पिढ्यान्‌पिढ्या आकाश बघायची जागा आहे ती.

---

निशाचर_मुळशी | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

@डोंबोली_फास्ट, नकाशा उघडा आणि वांगणीवरून वायव्येला रेघ मारा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण. सगळा उजेड त्याच बाजूला. डोक्यावरचं आकाश किंवा पूर्व-दक्षिण बघायला वांगणी उत्तमच, वाद नाही. पण हा धूमकेतू बरोबर त्या पिवळ्या उजेडाच्या पट्ट्यात मावळणार.

---

सडेकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मग कोकणात या की! पश्चिमेला समुद्र, त्यापलीकडे एकही दिवा नाही. फार तर मासेमारीच्या होड्या.

किनाऱ्यापेक्षा कातळसडा (कातळाचं उघडं पठार) बरा, हे माझं अनुभवाचं मत. किनाऱ्यावर खारट दमटपणा असतो, आणि क्षितिजाला टेकलेला धुरकट थर पहिले चार-पाच अंश गिळून टाकतो. आमच्या राजापूरच्या बाजूला सड्यावर चढलं की उंचीमुळे तो थर थोडा खाली राहतो आणि चारी बाजू मोकळ्या. ऑक्टोबरात सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागतं, दिवसभर तापलेला कातळ रात्री आठपर्यंत पाठीला उबदार लागतो. चटई टाकून आडवं व्हायचं.

एकच सांगतो: फुरशी (विषारी साप) असतात. पायात बूट हवेत, आणि दगड उचलायचा नाही, दगडांच्या कपारीत हात घालायचा नाही. अंधारात चप्पल शोधायला हात फिरवणारे पाहुणे मी पाहिलेत, म्हणून कळकळीने लिहितोय.

---

गणिती_अप्पा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

उंचीचा ढोबळ हिशेब मांडतो, म्हणजे तारीख ठरवायला सोपं जाईल. अक्षांश १९ (मुंबई-पुणे) धरलाय, वेळ सूर्यास्तानंतर ४५ मिनिटं.

२१ ऑक्टोबरला धूमकेतू स्वाती या ठळक ताऱ्याच्या वर, क्षितिजापासून साधारण १४ अंशांवर असेल. हात लांब करून मूठ धरली की १० अंश होतात, म्हणजे दीड मूठ. २५ च्या सुमारास तो २० अंशांच्या आसपास, म्हणजे दोन मुठी. कारण तो रोज दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकतोय, आणि आपल्या अक्षांशावर ते सरकणं आपल्या फायद्याचं आहे.

क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो. १० अंशांवर माथ्याच्या तुलनेत जवळपास एका प्रतीएवढा उजेड कमी होतो, धुरात त्याहून जास्त. त्यामुळे 'पृथ्वीच्या सर्वांत जवळ' ही बातमी वाचून २१ लाच धावू नका. चार दिवसांत अंतर फारसं वाढत नाही, उंची मात्र चांगली वाढते. चंद्र २९ ला अर्धा होतो, त्यानंतर उजेडाचा त्रास सुरू. माझ्या दृष्टीने २३ ते २७ या संध्याकाळी सर्वांत चांगल्या. वेळ पुण्यात पावणेसात ते सव्वासात. त्याआधी संधिप्रकाश नडतो, नंतर धूमकेतू खाली जातो.

---

वैनगंगा | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

अप्पा, नागपूरकरांनी घड्याळ बदलून घ्या असंही लिहा! आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी मावळतो. सव्वासहाला दुर्बीण हातात हवी. मागे एकाने पुण्याची वेळ वाचून सात वाजता गच्ची गाठली होती.

आणि पेंच कुणी कसं काढलं नाही? जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आपल्या महाराष्ट्रातलं! सिल्लारीच्या बाजूने वायव्येला मध्यप्रदेशातलं जंगल आहे, नागपूरचा उजेड पाठीमागे दक्षिणेला राहतो. निशाचर म्हणतात त्या कसोटीला पेंच शंभर टक्के उतरतं. फक्त वनखात्याकडे आधी चौकशी करून जा. जंगल आहे, गाडी थांबवून कुठेही उतरता येत नाही.

---

ठाणे_टॉवर_१४वा_मजला | १५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

प्रश्न: बाल्कनी पश्चिमेला आहे, समोर खाडी. १०x५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) बायनॉक्युलर आहे. एवढ्यावर दिसेल का? लहान बाळ आहे, बाहेरगावी जाणं शक्य नाही.

---

चौथी_प्रत | १५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

स्पष्ट बोलतो, शहरातून नाही दिसणार. 'चौथी प्रत' वाचून लोक चौथ्या प्रतीच्या ताऱ्याची कल्पना करतात. ताऱ्याचा उजेड एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला. पसरला की पार्श्वभूमीत विरघळतो. देवयानी दीर्घिका ३.४ प्रतीची आहे, ती ठाण्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसते का ते आधी बघा. लोकांना उगीच आशा लावू नये.

---

स्वाती_नाशिक | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

@चौथी_प्रत, नुसत्या डोळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ताईंनी (की दादांनी?) दुर्बीण आहे असं लिहिलंय. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला तेव्हा पावसाळी ढगांत एका संध्याकाळी मोठी फट पडली. नाशिक शहरातल्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना काहीच नव्हतं, ७x५० मधून शेपटीसकट दिसला. निओवाइज जास्त तेजस्वी होता हे मान्य, पण प्रयत्न का करू नये?

@ठाणे_टॉवर, घरातले सगळे दिवे बंद करा, बाल्कनीच्या काचेमागचेसुद्धा. स्वाती तारा शोधा, नारिंगी आहे, पश्चिम-वायव्येला एकटाच ठळक दिसतो. २१-२२ ला स्वातीवरून दुर्बीण सावकाश वर न्या. २४-२५ ला वर आणि बरीच डावीकडे. कठड्यावर कोपर टेकवा, हात हलला तर असं अंधूक काही पकडता येत नाही. आणि थेट रोखून बघू नका, नजरेच्या कडेने बघा. डोळ्याचा कडेचा भाग अंधूक उजेड जास्त चांगला टिपतो.

---

बाळूमामा_सातारा | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

तो दुसरा कुठला, परग्रहावरच्या लोकांचं यान म्हणतात तो, तो पण दिसणार का याच वेळी?

---

गणिती_अप्पा | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

मामा, तो ३आय/ॲटलस. यान नाही, धूमकेतूच आहे, पण सूर्यमालेच्या बाहेरून आलेला. असा सापडलेला तो तिसराच, म्हणून नावात ३. महिनाअखेर सूर्याजवळ असताना तो आपल्या दृष्टीने सूर्याच्या पलीकडे असेल, त्यामुळे सध्या दिसायचा प्रश्नच नाही. एरवीही मोठी दुर्बीण लागते.

संध्याकाळीच दिसणारा दुसरा धूमकेतू मात्र खरंच आहे: सी/२०२५ आर२ (स्वान). सप्टेंबरात सापडला. २० ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वीपासून ०.२६ खगोलीय एककांवर, लेमनपेक्षा बराच जवळ. पण मुळात अंधूक, सहाव्या प्रतीच्या आसपास. नैऋत्येला, धनु राशीच्या वरच्या बाजूला बघा. उंचीवर आहे, त्यामुळे तिथे घाई नाही. आधी लेमन उरका, मग स्वान.

---

तिखट_लिंबू | १५ ऑक्टोबर, रात्री ८:००

नाव लेमन, फोटोत रंग हिरवागार. आमच्या बायकोचं म्हणणं, कच्चं आहे अजून, ८ नोव्हेंबरला पिकेल.

---

चौथी_प्रत | १५ ऑक्टोबर, रात्री ८:३५

:) वहिनींना सांगा, हिरवा रंग दोन कार्बन अणूंच्या रेणूचा. उन्हाने तो रेणू लवकरच तुटतो, म्हणून डोकं हिरवं असतं आणि शेपटी हिरवी नसते. डोळ्यांना रंग बहुतेक दिसत नाही, राखाडीच दिसतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोटो बघून गेलेली मुलं हिरमुसतात.

---

आज्जी_अलिबाग | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

तुमचं सगळं वाचतेय. आमच्या आजीच्या तोंडी 'शेंडेनक्षत्र' असायचं. ते दिसलं की राजा मरतो, दुष्काळ पडतो म्हणायची. ती लहान असताना १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला आणि त्याच महिन्यात इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड वारला. मग तिची खात्रीच पटलेली.

मी स्वतः १९८६ चा हॅले पाहिला, पण समाधान झालं नाही. खरा पाहिला तो १९९७ चा हेल-बॉप. एप्रिलमध्ये, संध्याकाळी, वायव्येलाच. अलिबागच्या किनाऱ्यावर भेळवाल्यांच्या गॅसबत्त्या पेटलेल्या असूनही शेपटी दिसायची. भेळवाला गिऱ्हाइकाला पुडा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने बोट दाखवायचा, 'तो बघा'. कुणाला दुर्बीण लागली नाही. नातवाला तसा एक दाखवायची फार इच्छा आहे. हा तसा नाही ना?

---

निशाचर_मुळशी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

आज्जी, तसा नाही. हेल-बॉप ऋण प्रतीपर्यंत गेला होता, तसा योग क्वचित येतो. पण नातवाला दुर्बिणीतून हा जरूर दाखवा. हा साधारण १३००-१४०० वर्षांनी परत आलाय. मागच्या खेपेला कोकणात कुणी पाहिला असेल तर तो चालुक्यांच्या काळात!

तुमच्याकडून किनारा पश्चिमेलाच आहे. मुंबईचा उजेड उत्तरेला, थोडा उजवीकडे येईल. शक्य असेल तर दक्षिणेकडे, काशीद-मुरूडच्या बाजूला सरका.

---

म्हापशेकार | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

गोव्यातून अक्षांश साडेपंधरा, म्हणजे २१ ला आणखी खाली. किनाऱ्यावर शॅक्सचे झगमगते दिवे. केरी-तेरेखोलच्या टोकाला गेलं तर पश्चिम बरी मिळते. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळतात, आदली रात्रभर जागरण आणि धूर, त्यामुळे १९-२० विसराच. अप्पांची २३ नंतरची सूचना मानतो.

---

हायडेलबर्गची_मंजू | १६ ऑक्टोबर, दुपारी २:२०

इथे जर्मनीत अक्षांश ४९. धूमकेतू संध्याकाळी बराच वर आहे, अंधार पडल्यावरही दोन तास सहज मिळतात. फक्त आठवडाभर आकाश राखाडी, एकही तारा नाही. तुमच्याकडे निदान परतीचा पाऊस संपलाय. इथे दिवाळी मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी, तेव्हा लक्ष्मीपूजनाला मी मोकळी!

---

ऊसवाला_जुन्नर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

पुण्याची बरीच मंडळी नारायणगाव-जुन्नरला येतात. या, स्वागतच आहे. गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे ती याच आकाशामुळे. पण उसाच्या कडेला, बांधावर, एकट्याने अंधारात बसू नका. बिबट्याचा वावर आहे, आम्हीसुद्धा रात्री पाणी द्यायला दोघं-तिघं मिळून, आवाज करत जातो. गावात कुणाला तरी सांगून, घराच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानात बसा. लोक नाही म्हणत नाहीत, उलट चहा देतील आणि स्वतःही बघायला येतील.

---

निशाचर_मुळशी | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ऊसवाले दादांचं म्हणणं मनापासून पटलं. आपण जातो तिथे कुणाचं तरी शेत असतं. मुळशी-वेल्ह्यात आत्ता भात कापणीला आलंय, खाचरात गाडी घालू नका, झोडपणीच्या खळ्यावर तिपाई रोवू नका.

पुणेकरांसाठी माझी निवड: पानशेतच्या पलीकडे वेल्ह्याकडची बाजू. तिथून पश्चिम-वायव्येला मुळशी-ताम्हिणीचा डोंगर, मोठं गाव नाही. समोर उंच डोंगर येणार नाही एवढं दिवसा जाऊन बघून ठेवा. सूर्य मावळतो त्याच्या दीड-दोन मुठी उजवीकडे मोकळं क्षितिज हवं. राजमाची-लोणावळ्याच्या कड्यावरून त्याच दिशेला कर्जत-पनवेल-मुंबईचा उजेड येतो, म्हणून ते टाळा.

---

फोटोवेडा | १८ ऑक्टोबर, रात्री १०:००

मोबाइलवाल्यांसाठी: तिपाई किंवा दगडाचा टेकू, नाइट मोड, १० सेकंदांपर्यंत एक्स्पोजर, तीन सेकंदांचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. कॅमेऱ्याला ५० मिमी भिंग असेल तर ८-१० सेकंदांच्या वर जाऊ नका, तारे रेघोट्या होतात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर. दव पडतं, सुती फडकं जवळ ठेवा. निळसर शेपटी फोटोत डोळ्यांपेक्षा कितीतरी लांब येते. आणि कृपा करून पांढरी बॅटरी लावू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एक झगझगीत मोबाइल सगळ्यांची मेहनत घालवतो.

---

ठाणे_टॉवर_१४वा_मजला | २१ ऑक्टोबर, रात्री ९:४५

आज ढग, वर फटाक्यांचा धूर. स्वातीसुद्धा दिसली नाही. अप्पा आधीच सांगत होते.

---

सडेकर | २२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

इथेही पाडव्याला विजा आणि सरी. अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय. किनाऱ्यावर येणाऱ्यांनी हवामान खात्याचा अंदाज बघूनच निघा.

---

स्वाती_नाशिक | २३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दिसला!

माझ्या मावसबहिणीला सख्खा भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. गंगापूर धरणाच्या बाजूला तिच्या सासरी शेतघर आहे. साडेसहाला ती ताम्हण घेऊन अंगणात आली तेव्हा नैऋत्येला ढगांच्या फटीतून बारीक कोर दिसत होती. ओवाळून झालं, निरांजन तिने ओसरीवर आत नेलं, आणि मी दुर्बीण उजवीकडे फिरवली. स्वाती खाली गेली होती. तिच्या वर, डावीकडे सरकत गेले तर पिंजलेल्या कापसाचा छोटा पुंजका, मध्ये दाट, वरच्या अंगाला एक फिकट रेघ निघालेली. नुसत्या डोळ्यांनी मला खात्री वाटली नाही, मेहुण्यांना वाटली. तिची सहा वर्षांची मुलगी आधी 'काहीच नाही' म्हणाली. तिला शेजारच्या झाडाकडे बघायला सांगून हळूच दुर्बीण धरली, तेव्हा तिने स्वतःहून शेपटी कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखवलं. वरच्या बाजूला, सूर्याच्या उलट दिशेला. मी काही सांगितलं नव्हतं.

पाच-सात मिनिटांत ढग आले. पण झालं काम.

---

चौथी_प्रत | २३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अभिनंदन! मुलीने शेपटीची दिशा बरोबर सांगितली म्हणजे खरंच पाहिला. नुसत्या डोळ्यांबद्दल मेहुण्यांवर माझा अजून विश्वास नाही. :)

---

वैनगंगा | २५ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आज देवलापारच्या बाजूने, जंगलाबाहेरच्या गावातून, सव्वासहा ते पावणेसात. उंची अप्पांनी सांगितली तेवढीच, दोन मुठी. आम्ही आठ जण होतो, नुसत्या डोळ्यांनी तिघांना दिसला, तिघांनीही एकमेकांना न विचारता एकच जागा दाखवली. @चौथी_प्रत, नोंद घ्या!

---

चौथी_प्रत | २५ ऑक्टोबर, रात्री ९:००

घेतली. पेंचच्या आकाशाला दंडवत.

---

आज्जी_अलिबाग | २६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

आमच्याकडे अजून ढग हटेनात. नातवाची शाळा सुरू व्हायला अवकाश आहे. नोव्हेंबरात मिळेल का हो?

---

गणिती_अप्पा | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

आज्जी, ३० पर्यंत रोज बघत राहा. चंद्र असला तरी तो दक्षिणेकडे, धूमकेतू पश्चिमेला, दुर्बिणीतून चालेल. ५ नोव्हेंबरला पौर्णिमा, त्याच्या आगेमागे कठीण. ७ पासून चंद्र अंधार पडल्यावर उगवतो, तेव्हा पुन्हा थोडी संधी आहे, पण तोवर धूमकेतू संधिप्रकाशात खाली गेलेला असेल. म्हणून या आठवड्यात ज्या संध्याकाळी पश्चिम मोकळी दिसेल त्या संध्याकाळी निघायचं, उद्यावर टाकायचं नाही. साडेसहाला किनाऱ्यावर हजर राहा.

---

डोंबोली_फास्ट | २६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

आज्जी, आम्ही चौघं उद्या दुपारी काशीदला निघतोय, वांगणी रद्द. ८x४० आणि १०x५० दोन्ही आहेत. तुम्ही आणि नातू अलिबागच्या एसटी स्टँडपाशी चारला थांबाल का? गाडीत दोन जागा आहेत, आणि रात्री घरापर्यंत सोडू. पक्कं असेल तर निरोप टाका.